भाग ४१ : केईएमच्या सिस्टर्स, अरुणा शानबाग आणि आपण विसरलेला एक संप

(हा पॉडकास्टच्या ४१ व्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलीतलाच ठेवलाय, थोडी काटछाट केली आहे. या भागात लैंगिक अत्याचाराचा उल्लेख आहे. आज ऐकायची किंवा वाचायची मनःस्थिती नसेल तर खुशाल पुढच्या भागावर जा, राग नाही.)

 

आज सुरुवात एका छोट्या प्रयोगाने करू. फोन हातात आहेच. सर्च बारमध्ये टाका, 'अरुणा शानबाग'. काय येतं? इच्छामरण. दयामरण. सुप्रीम कोर्ट, २०११. खाली स्क्रोल केलं तर लॉच्या विद्यार्थ्यांसाठी केस समरी, यूपीएससीच्या नोट्स, एथिक्सच्या पेपरला येणारा प्रश्न.

मीही तिला अशीच ओळखत होते. इच्छामरणाची केस म्हणून. बीटेकच्या शेवटच्या वर्षाला एक ह्युमॅनिटीजचा विषय होता, त्यात दोन मार्कांना हे नाव होतं. तिच्यावर हल्ला झाला तेव्हा ती कामावर होती, हे मला माहीत नव्हतं. तिच्यासाठी मुंबईतल्या नर्सेसनी संप केला होता, हे तर अजिबातच माहीत नव्हतं.

ते मला सांगितलं माझ्या मावशीने. मावशी महापालिकेच्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स होती. केईएममध्ये नव्हे, दुसऱ्या ठिकाणी. पण अरुणाचं नाव निघालं की म्हणायची, "ती आमच्यातली." एवढंच. भेटलेली नव्हती, तरी आमच्यातली. हे 'आमच्यातली' म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली. आजचा भाग त्याबद्दल आहे.

तारीख : २७ नोव्हेंबर १९७३

आधी जागा समजून घ्या. परळ. गिरणगाव. भोंगे, चाळी, तीन पाळ्यांत चालणारं आयुष्य. त्याच्या मधोमध १९२६ साली उभं राहिलेलं केईएम हॉस्पिटल. गिरणी कामगारापासून कोकणातून आलेल्या पेशंटपर्यंत सगळे इथेच.

काळही लक्षात घ्या. १९७२ चा दुष्काळ होऊन गेलाय. महागाई भडकलीय. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईच्या बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरतायत. म्हणजे बायकांनी मोर्चा काढणं या शहराला नवं नव्हतं. मात्र कामाच्या ठिकाणी बाईला होणाऱ्या त्रासाला तेव्हा आपल्या कायद्यात नावसुद्धा नव्हतं. 'सेक्शुअल हरॅसमेंट' हा शब्द कोणत्याच भारतीय कायद्यात नव्हता.

अरुणा मूळची कर्नाटकातल्या हळदीपूरची, उत्तर कन्नड जिल्ह्यातली. वय २५. केईएममध्ये नर्स. लग्न ठरलेलं, त्याच हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरशी. तिची ड्यूटी कुत्र्यांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग होत त्या विभागात होती. तिथल्या एका सफाई कामगाराला तिने कामावरून टोकलं होतं, त्यावरून दोघांत वाद झाले होते, असं या प्रकरणावर लिहिणाऱ्यांनी नोंदवलंय.

२७ नोव्हेंबरच्या संध्याकाळी ड्यूटी संपवून ती कपडे बदलायला तळघरात गेली. तिथे त्या माणसाने कुत्र्याची साखळी तिच्या गळ्याभोवती आवळली आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला एका सफाई कर्मचाऱ्याला ती जमिनीवर बेशुद्ध, रक्ताने माखलेली सापडली. साखळीमुळे मेंदूला जाणारा प्राणवायू तुटला होता. ती जिवंत राहिली, पण परत कधी बोलली नाही, चालली नाही.

आता केसकडे बघा. त्या माणसावर खटला चालला तो खुनाचा प्रयत्न आणि चोरी-लुटीचा. बलात्काराचा नाही. याला दोन कारणं होती. एक, तेव्हाच्या कायद्यातली बलात्काराची व्याख्या इतकी अरुंद होती की तिच्यावर जे झालं ते त्या व्याख्येत बसतच नव्हतं. ती व्याख्या रुंद झाली २०१३ मध्ये, तब्बल ४० वर्षांनी. दुसरं कारण घरगुती आहे, आणि तेच जास्त बोचतं. लग्न ठरलेली मुलगी, बदनामी नको, म्हणून हॉस्पिटलच्या वरिष्ठांनी लैंगिक अत्याचाराची बाब पुढे येऊच दिली नाही, असं लिहिलं गेलंय. सात वर्षांची शिक्षा झाली. १९८० मध्ये तो माणूस सुटला.

म्हणजे कागदावर २७ नोव्हेंबरला काय झालं? एका नर्सला लुटलं आणि मारायचा प्रयत्न केला. बस्स.

मग सिस्टर्सनी काय केलं?

आपल्याकडे संप म्हटला की १९८२ आठवतो. दत्ता सामंत, अडीच लाख गिरणी कामगार, बंद पडलेले भोंगे. त्यावर पुस्तकं आहेत, सिनेमे आहेत. पण त्याच परळमध्ये नऊ वर्षं आधी अरुणाच्या सहकाऱ्यांनी काम थांबवलं होतं. हल्ल्यानंतर मुंबईतल्या नर्सेस संपावर गेल्या. मागण्या दोन. अरुणाची नीट काळजी घ्या. आणि आमच्या कामाची परिस्थिती सुधारा.

या दोन मागण्या एकत्र आल्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. का, ते सांगते.

त्यांनी फक्त 'गुन्हेगाराला फाशी द्या' अशी मागणी केली असती तर ती त्या एका माणसापुरती राहिली असती. तो पकडला गेला, विषय संपला. सिस्टर्सनी प्रश्न असा मांडला की हे एका वाईट माणसाचं काम आहेच, पण ते घडू शकलं कारण आम्ही ज्या परिस्थितीत काम करतो ती तशी आहे. संध्याकाळी रिकाम्या होणाऱ्या इमारती. कपडे बदलायला तळघर. एकटीची ड्यूटी. रात्रभर आपली एक सहकारी घरी पोचली की नाही, हे विचारायची कुठलीही व्यवस्था नाही. संध्याकाळपासून सकाळी पावणेआठपर्यंत कुणालाही ती सापडली नाही, हे विसरू नका.

मावशी म्हणते, "अगं, नर्सला कुठे भीती वाटते ते नर्सलाच माहीत. साहेब राउंडला येतो तेव्हा सगळे दिवे चालू असतात." नाइट ड्यूटीला कोणता जिना टाळायचा, कोणत्या पॅसेजमधला बल्ब गेलाय, कुणासोबत लिफ्टमध्ये एकटं शिरायचं नाही, हे प्रत्येक सिस्टर हँडओव्हर देताना दुसरीला सांगत असते. ते रजिस्टरमध्ये नसतं. युनियन म्हणजे काय, तर ही कुजबुज एकत्र करून साहेबांच्या टेबलावर मागणी म्हणून ठेवणं. एकीने सांगितलं तर ती घाबरट. शंभर जणींनी सांगितलं तर तो अजेंडा.

थोडी गुंतागुंतही सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला गोड गोष्ट सांगतेय असं होईल. हल्ला करणारा आणि जिच्यावर हल्ला झाला ती, दोघंही एकाच हॉस्पिटलचे कर्मचारी होते. युनियनसाठी हा सगळ्यात अवघड प्रसंग असतो. 'आपल्याच माणसाविरुद्ध कसं जायचं' म्हणत कितीतरी संघटना अशा वेळी गप्प बसतात, किंवा बाईलाच समजावतात. पुढारी बहुतेक पुरुष असतात, ही पण गोष्ट आहेच. त्यामुळे युनियन आहे म्हणजे बाई सुरक्षित, असं आपोआप होत नाही. केईएममध्ये घडलं ते घडलं कारण नर्सिंग हे बायकांचं काम होतं, आणि त्या बायका स्वतः उभ्या राहिल्या.

वॉर्ड नंबर ४

गोष्ट संपावर संपत नाही. खरं तर इथून सुरू होते.

अरुणाला वॉर्ड नंबर ४ च्या लगतच्या खोलीत ठेवलं. काही वर्षांत घरचे जवळपास दुरावले. ठरलेला जोडीदार सुरुवातीला बरेच दिवस येत राहिला, पुढे त्याचं आयुष्य वेगळं झालं. उरल्या त्या सिस्टर्स.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला महापालिकेच्या मनात आलं की सात वर्षं एक बेड अडलाय, हिला दुसरीकडे हलवू. दोनदा प्रयत्न झाला. हिशोबाच्या नजरेने बघितलं तर मुद्दा बिनतोड वाटेल. सरकारी हॉस्पिटलात जमिनीवर गाद्या टाकून पेशंट झोपतात आणि इथे एक बेड कायमचा गेलेला. पण केईएमच्या नर्सेस विरोधात उभ्या राहिल्या, आंदोलन केलं, आणि महापालिकेला माघार घ्यावी लागली.

त्या वेळी त्या पगारवाढ मागत नव्हत्या. स्वतःच्या कामात भर पडेल, तीही आयुष्यभरासाठी, अशी गोष्ट मागत होत्या. तिला आमच्याकडेच राहू द्या, आम्ही बघतो.

आणि त्यांनी बघितलं. जवळपास ४२ वर्षं. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिच्या प्रकृतीची माहिती घेतली तेव्हा नोंद झाली की इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही तिच्या अंगावर एकही बेडसोअर नाही. घरात कुणी आजारी असेल, तर याचा अर्थ तुम्हाला कळेल. दोन महिने झोपून असलेल्या आजोबांना पाठीला जखमा होतात, घरातली चार माणसं राबत असतानाही. इथे तर साडेतीन दशकांहून जास्त काळ. माशाचं किंवा चिकनचं सूप दिलं की तिच्या चेहऱ्यावर आवडल्याचं दिसायचं, हेही त्या कोर्टाच्या कागदांत आहे. दरवर्षी १ जूनला सिस्टर्स तिचा वाढदिवस करायच्या.

१९७३ ला जिने तिच्यासोबत ड्यूटी केली ती पुढे रिटायर झाली. मग तिच्यानंतरची बॅच. मग जिचा १९७३ ला जन्मही नव्हता अशी मुलगी. ही जबाबदारी ड्यूटीच्या हँडओव्हरसारखी एका पिढीकडून दुसरीकडे गेली.

पत्रकार पिंकी विराणी यांनी १९९८ मध्ये अरुणावर पुस्तक लिहिलं, त्यामुळे तिची गोष्ट पुन्हा लोकांसमोर आली. पुढे त्यांनीच सुप्रीम कोर्टात अर्ज केला की तिला या अवस्थेतून सोडवा. ७ मार्च २०११ ला न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ग्यान सुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने निकाल दिला. निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे उपचार थांबवण्याला, ठरावीक अटींवर परवानगी असू शकते, असं कोर्ट म्हणालं. पण अरुणाच्या बाबतीत तो निर्णय घ्यायचा अधिकार केईएमच्या लोकांचा, कारण तिची खरी माणसं तीच. आणि केईएमच्या सिस्टर्सना तिला जाऊ द्यायचं नव्हतं.

बरोबर कोण? मला नाही ठरवता येत. जिला हो-नाही म्हणता येत नाही तिला ४२ वर्षं तसं ठेवणं ही माया की शिक्षा, हा प्रश्न विचारणारी माणसंही प्रामाणिक होती. मला फक्त एवढं दिसतं की निकालानंतर सगळी चर्चा तिने मरावं का जगावं यावर झाली, आणि ती तिथे पोचली कशी हे मागे पडलं. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने ती गेली. तोवर आपण तिला कामाच्या ठिकाणच्या हिंसेची बळी म्हणून नाही, तर इच्छामरणाची केस म्हणून पाठ करून टाकलं होतं.

कायदा आला, तोही एका कामकरी बाईमुळे

१९७३ पासून आता १९९२ वर येऊ. राजस्थानातलं भटेरी गाव. भंवरी देवी तिथे सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' होत्या. आपल्या आशाताईंसारखं समजा. काम सरकारचं, हातात पगार नाही, मानधन. बालविवाह रोखणं हा त्यांच्या कामाचा भाग. नऊ महिन्यांच्या बाळाचं लग्न थांबवायचा त्यांनी प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये गावातल्या वरच्या जातींच्या पुरुषांनी त्यांच्यावर सामूहिक बलात्कार केला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना त्या आरोपातून मोकळं केलं.

महिला संघटनांनी वेगळा प्रश्न घेऊन सुप्रीम कोर्ट गाठलं. बाई काम करायला गेली म्हणून तिच्यावर हल्ला झाला, तर काम देणाऱ्याची जबाबदारी काय? १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल आला. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणं ही मालकाची जबाबदारी, हे पहिल्यांदा लिहिलं गेलं. त्यावरून कायदा व्हायला अजून १६ वर्षं गेली. २०१३ चा पॉश कायदा. ऑफिसात जॉइन झाल्यावर जे ट्रेनिंगचे स्लाइड्स आपण नेक्स्ट-नेक्स्ट करत संपवतो ना, ते या दोन बायकांमुळे आहेत. आणि अशा असंख्य जणींमुळे, ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

कायदा काय सांगतो? दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई. निम्म्या तरी सदस्य बायका. एक सदस्य बाहेरचा, संस्थेत काम करणारा. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, कारण असेल तर समिती मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा घरकाम करणाऱ्या ताई असतील, तर जिल्ह्याची स्थानिक समिती.

कागदावर छान आहे. पण एक गोष्ट इंजिनियरच्या नजरेने बघा. या समितीवर माणसं नेमतो कोण? मालक. बाहेरचा सदस्य निवडतो कोण? मालक. ज्या सिस्टिमची टेस्टिंग करायची, तिनेच टेस्टर नेमायचे. बग सापडले नाहीत तर नवल काय! कामगारांनी निवडलेला प्रतिनिधी त्या खोलीत असलाच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही.

दिंडीगुल

तो प्रतिनिधी खोलीत असला तर काय होतं? यासाठी तामिळनाडूत जाऊ.

जानेवारी २०२१. दिंडीगुल जिल्हा. जयश्री कथिरवेल, विशीतली दलित मुलगी, एका मोठ्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणारी. तिचा खून झाला. त्याच कारखान्यातल्या सुपरवायझरला अटक झाली. तो तिला आधीपासून त्रास देत होता, असं तिच्या घरच्यांनी आणि सहकाऱ्यांनी सांगितलं. हा कारखाना परदेशातल्या मोठमोठ्या ब्रँड्ससाठी कपडे शिवायचा. आपल्या कपाटातही त्यातला एखादा शर्ट असेल.

जयश्री तामिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियनची सदस्य होती. बायकांनी चालवलेली, बहुसंख्य दलित कामगार असलेली युनियन. त्यांनी तिचं नाव धरून ठेवलं. 'जस्टिस फॉर जयश्री' अशी मोहीम उभी राहिली. एशिया फ्लोअर वेज अलायन्स आणि ग्लोबल लेबर जस्टिस या संघटना सोबत आल्या. सव्वा वर्ष झगडल्यावर, एप्रिल २०२२ मध्ये कारखान्याची मालक कंपनी ईस्टमन एक्स्पोर्ट्स आणि एच अँड एम हा ब्रँड यांच्याशी करार झाला. त्याला दिंडीगुल करार म्हणतात. नंतर गॅप आणि पीव्हीएच हे ब्रँडही त्यात आले.

करारात वेगळं काय आहे? तीन गोष्टी सांगते.

पहिली, कामगार बायकांमधूनच निरीक्षक तयार केल्या. शिलाई मशीनवर बसणारीच बघणार, कोण ओरडतंय, कोण हात लावतंय. मावशीने सांगितलेली ती हँडओव्हरची कुजबुज, इथे तिला अधिकृत पद मिळालं.

दुसरी, लैंगिक छळासोबत जातीवरून होणारा भेदभावही करारात लिहिला. कारण तिथल्या बाईला त्रास देताना कुणी 'हे बाई म्हणून आणि हे दलित म्हणून' असे वेगळे खाने करत नाही.

तिसरी, आणि सगळ्यात कामाची. करार पाळणं बंधनकारक आहे. कारखान्याने करार मोडला तर ब्रँडला त्याच्यावर धंद्याच्या भाषेत कारवाई करावी लागते. ऑर्डरवर परिणाम होतो. तक्रार करणाऱ्या बाईवर सूड उगवता येणार नाही, हेही त्यात आलं. नीतिमत्तेवर व्याख्यान देऊन जे होत नाही, ते ऑर्डर जाईल या भीतीने होतं. कटू आहे, पण खरं आहे.

केईएममध्ये संपाची ताकद होती. दिंडीगुलमध्ये त्या ताकदीचा करार झाला, लिहून घेतलेला.

अजून कपडे बदलायची खोली नाही

आता म्हणाल, एवढं सगळं झालं, तर फरक पडला ना? ९ ऑगस्ट २०२४. कोलकाता, आरजी कर हॉस्पिटल. पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर, लांबलचक ड्यूटी करून सेमिनार हॉलमध्ये पाठ टेकायला गेली. तिथे तिच्यावर बलात्कार झाला, खून झाला. देशभरचे निवासी डॉक्टर संपावर गेले. आपल्याकडे मार्डही. सुप्रीम कोर्टाने राष्ट्रीय टास्क फोर्स नेमला.

१९७३ मध्ये कपडे बदलायला नर्स तळघरात गेली. २०२४ मध्ये झोपायला डॉक्टर सेमिनार हॉलमध्ये गेली. मध्ये ५१ वर्षं. या दोन वाक्यांवर मी रात्रभर अडकले होते. सेफ चेंजिंग रूम, सेफ रेस्ट रूम, उजेड असलेला पॅसेज. बजेटच्या भाषेत किरकोळ गोष्टी. म्हणूनच त्या कुणी मागितल्याशिवाय होत नाहीत, आणि एकटीने मागितल्या तर होत नाहीत.

आपल्या क्षेत्राचंही बघू. २००९ मध्ये पुण्यात ऑफिसातून घरी निघालेल्या एका सॉफ्टवेअर इंजिनियरला कॅबमधून पळवून तिच्यावर अत्याचार करून मारलं. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या कॉलनीतल्या आयटीत जाणाऱ्या ताईची नोकरी त्यानंतर घरच्यांनी सोडायला लावली. म्हणजे एकीचा जीव गेला आणि कितीजणींच्या नोकऱ्या, त्याची मोजदाद कुठेच नाही. आपल्या कायद्यात कंपनीने दिलेलं वाहन कामाच्या ठिकाणात मोडतं. जागतिक कामगार संघटनेने, म्हणजे आयएलओने, २१ जून २०१९ ला करार १९० मंजूर केला, त्यात तर कामावर जाण्या-येण्याचा प्रवासही धरलाय. जगभरच्या युनियन्सनी अनेक वर्षं रेटा लावल्यावर तो आला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही.

आता माझी गोष्ट

हे मला सांगायचं नव्हतं. पण न सांगता हा भाग केला तर खोटेपणा होईल.

तीनेक वर्षांपूर्वी माझ्या टीममधल्या मैत्रिणीने अंतर्गत समितीकडे तक्रार द्यायची ठरवली. कंपनीचं नाव घेत नाही, तिचंही नाही. एका सीनियरचे मेसेज, मग कॉल, मग ऑफसाइटला झालेला प्रकार. त्यातला एक प्रसंग माझ्यासमोर घडला होता. तिने मला विचारलं, "साक्षीला येशील?"

मी म्हणाले, "बघते."

अप्रेझल तोंडावर होतं. तो सीनियर माझाही रिव्ह्यूअर होता. मी दोन दिवस 'बघत' राहिले. तिसऱ्या दिवशी तिने विचारणं सोडून दिलं. तिने एकटीने तक्रार दिली. पुरावा अपुरा, असं उत्तर आलं. दोन महिन्यांत तिने नोकरी सोडली. फेअरवेलचा केक मीच ऑर्डर केला होता.

मी वाईट माणूस नाही, असं मला वाटतं. पण मी एकटी होते आणि तीही एकटी होती. दोन एकट्या मिळून काही होत नाही, हे मला तेव्हा कळलं. आमच्या मजल्यावर दीडशे माणसं होती. त्यातल्या वीस जणांनी जरी मेल केला असता की ही चौकशी नीट करा, तर? माझं 'बघते' कदाचित 'येते' झालं असतं. धैर्य हा माणसाचा गुण आहे असं आपल्याला शिकवतात. मला वाटतं त्यातला बराचसा भाग आजूबाजूला कोण उभं आहे यावर ठरतो. केईएमच्या त्या सिस्टर्स जन्मतःच शूर नसणार. त्यांना फक्त माहीत होतं की आपण काम थांबवलं तर बाजूची पण थांबवेल.

आयटीत युनियन म्हटलं की लोक हसतात. 'आपण काय कामगार आहोत का?' हो, आहोत. लॅपटॉपवर बसून केलं तरी काम ते काम. आणि आयटीवाल्यांच्या संघटना आता आहेत, पुण्यातही आहेत.

सगळ्यांनी उद्या युनियन काढा असं मी सांगत नाहीये. तीन छोट्या गोष्टी करा. एक, आपल्या ऑफिसच्या अंतर्गत समितीत कोण कोण आहे ते शोधा. त्यांची नावं दर्शनी भागात लावणं कंपनीला बंधनकारक आहे. नसतील तर विचारा, आणि दोघी-तिघींनी मिळून विचारा. दोन, बाहेरचा सदस्य कोण आहे, त्याला कधी भेटलोय का, ते बघा. तीन, कुणी 'येशील का' विचारलं तर 'बघते' म्हणू नका. हे मी कुणाला सांगतेय ते तुम्हाला कळलंच असेल.

२५ नोव्हेंबर हा स्त्रियांवरील हिंसेविरोधी आंतरराष्ट्रीय दिवस. १९६० साली याच तारखेला डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये मिराबाल बहिणींना हुकूमशहाच्या माणसांनी मारलं, त्यांच्या स्मरणार्थ. दोन दिवसांनी २७ तारीख येते. तिला आपल्याकडे काही नाव नाही. यंदा त्या दिवशी तुमच्या घरात, ओळखीत कुणी सिस्टर असेल तर तिला फोन करा. नाइट ड्यूटीला कपडे कुठे बदलतेस, एवढंच विचारा. मी मावशीला विचारलं होतं. ती बराच वेळ बोलत होती. तिचे रिटायरमेंटचे दिवस, तरी सगळे जिने अजून पाठ आहेत.

मैत्रिणीलाही मी हा भाग पाठवणार आहे. उत्तर आलं तर सांगेन, तिची परवानगी असेल तर.

तुम्हाला किंवा ओळखीत कुणाला मदत हवी असेल तर महिला हेल्पलाइन १८१, आणि तातडीची गरज असेल तर ११२. नंबर सेव्ह करून ठेवा.

 तुमच्या आईचे, आत्याचे, मावशीचे कामाच्या ठिकाणचे अनुभव असतील तर व्हॉइस नोट पाठवा. नावं नको असतील तर नाही घेणार. पुढच्या भागात भेटू. सांभाळून जा, आणि पोचलात की कुणालातरी कळवा.